उडायला शिकायचंय, पण कुणाकडे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत, चिंचवडला राहतात आणि एका कंपनीत हिशेबाचं काम बघतात. हिमाचलातल्या बीरला त्यांनी टँडम पॅराग्लायडिंग केलं, म्हणजे पायलटच्या पुढे बसून. 'आता हे स्वतः शिकायचं' असं तिथेच ठरलं. जानेवारीत कामशेतला तीन दिवसांच्या पी-१, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या, कोर्सला पैसे भरले. पहिला दिवस मैदानात विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, उभी करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा वाढला आणि प्रशिक्षकाने त्यांना खालीच बसवलं. त्यांच्याच बॅचमधली दोन तरुण मुलं मात्र टेकडीवरून उडाली. तिसऱ्या दिवशी छोट्या उतारावरून दोन उड्या मिळाल्या, प्रमाणपत्र मिळालं नाही. 'पुन्हा या' एवढंच सांगितलं गेलं. वय झालं म्हणून की बाई म्हणून आपल्याला मागे ठेवलं, ही सल त्यांच्या मनात आहे. दरम्यान टँडम उड्डाणं करणारा एक ओळखीचा पायलट म्हणतोय, "निम्म्या पैशात, एकटीला, दोन दिवसांत सोलो, म्हणजे एकटीचं उड्डाण, करून देतो. माझी जुनी विंगही घ्या." घरी यजमान म्हणतात, या वयात हाडं मोडून घ्यायची हौस कशाला? ताईंचा प्रश्न: जुन्या प्रशिक्षकाकडे परत जावं, या पायलटकडे जावं, की नाद सोडावा?

ताई,

प्रश्न तुम्ही प्रशिक्षकाबद्दल विचारलाय, पण मी अडकले ते पत्राच्या मधल्या एका वाक्यात. "मैदानात विंग वर आली की मला मागे खेचायची, एकदा तर चांगली पाच-सहा पावलं फरफटत नेलं." त्यावरून तुम्ही धरून चाललात की ताकद कमी पडते, वय झालं. पुढे कुठेतरी जाता जाता वजन लिहिलंय, ५४ किलो. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की मला वयापेक्षा विंगच्या साइझचा संशय येतो.

प्रत्येक विंगच्या आत, मधल्या किंवा टोकाच्या सेलमध्ये (हवा भरते त्या कप्प्यात), उत्पादकाचं लेबल असतं. विंग कुठल्या श्रेणीची आणि किती वजनाला चालते, ते त्यावर लिहिलेलं असतं. हे वजन नुसतं माणसाचं नसतं. माणूस, हार्नेस (बसायचा पट्ट्यांचा साज), रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट), हेल्मेट, कपडे आणि खुद्द विंग, सगळं मिळून. तुमचे ५४ आणि सामानाचे चौदा-पंधरा धरले तर तुम्ही सत्तरच्या आतबाहेर. आता शाळेकडच्या बहुतेक विंगा असतात मधल्या साइझच्या, कारण येणारे बहुतेक विद्यार्थी पुरुष आणि सत्तर-ऐंशी किलोचे. तुमच्या हातात पंचाहत्तर ते पंचाण्णव किलोची विंग दिली असेल, तर ती तुम्हाला ओढणारच. तिथे पहिलवान असून उपयोग नाही, वजन लागतं.

वाऱ्याचं गणितही इथे कामाला येतं. वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो. ताशी दहा किलोमीटरच्या वाऱ्यात जी विंग शहाण्यासारखी डोक्यावर उभी राहते, तीच वीसच्या वाऱ्यात चौपट जोराने खेचते. वजनदार मुलाला ते निभावतं. हलक्या माणसाला, तेही मोठ्या विंगखाली, ती जमिनीवरून उचलते आणि मागे टाकते. म्हणजे त्या दुपारी मुलं उडाली आणि तुम्ही बसलात, यामागे वय नसेल, बाई असणंही नसेल, साधा हिशेब असेल. आणि हिशेब तर तुमचं रोजचं काम.

असेल, म्हणते. खात्री देत नाही. टेकडीवर "ताई, तुमचं संध्याकाळी बघू" असं म्हणून बायकांना दिवसभर फोटो काढत बसवलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यामागे कुठलाही हिशेब नव्हता. त्यामुळे तुमची सल खोटी ठरवायची मला घाई नाही. पण ती खरी की खोटी हे इथे बसून मला कळणार नाही आणि घरी बसून तुम्हालाही नाही. त्या प्रशिक्षकाला फोन करा. भांडायला नको. सरळ विचारा: मला कुठली विंग दिली होती, तिची वजनाची मर्यादा किती? त्या दिवशी मला न उडवण्याचं नेमकं कारण काय? पुढच्या वेळी मी काय करून दाखवलं की मला वरून उडू द्याल?

चांगला शिक्षक तिन्हीची उत्तरं देईल आणि ती तुमच्याबद्दल असतील. "तुमची विंग वर येते पण तुम्ही मान वर करून बघत नाही, डावा ब्रेक आधी ओढता, आणि थांबायला सांगितल्यावर दोन पावलं जास्त धावता," असं काहीतरी. त्याला तुमचं धावणं आठवत असेल तर तो तुमच्याकडे बघत होता. "अहो, हवाच तशी होती, या पुढच्या महिन्यात" एवढ्यावर फोन संपला, तर तुम्ही त्याच्या यादीतलं एक नाव होतात, एवढंच. खरं तर हे सगळं त्याने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला बाजूला घेऊन स्वतःहून सांगायला हवं होतं. तिथे तो चुकलाच. खाली बसवणं योग्य असेल, पण कारण न सांगता बसवणं योग्य नव्हतं.

आता तुमच्या मनातल्या एका समजाबद्दल. पत्रात तुम्ही तीन दिवसांचा जमाखर्च मांडलाय: एवढे पैसे, त्यात दोन उड्या. मैदानातला अख्खा दिवस तुम्ही खर्चाच्या बाजूला टाकलाय. मी तो जमेत धरते.

मैदानात काय चालतं ते आठवा. विंग मागे पसरलेली, लाइन्स (विंगच्या दोऱ्या) सुटसुटीत, दोन्ही हातांत ए-रायझर (पुढच्या दोऱ्या जोडलेले पट्टे) आणि ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या मुठी). पुढे झुकून चालायला लागलं की सेलमध्ये हवा भरते, कापड सळसळ करत उठतं आणि हार्नेस मागे ओढतो. इथे नव्वद टक्के लोक हातांनी ओढतात. हात फक्त रायझर वर जाऊ देण्यासाठी असतात, ओढायचं छातीने आणि पायाने. विंग डोक्यावर आली की ओढ एकदम जाते, पाय हलके होतात. त्या क्षणी ब्रेक हलकेच लावला नाही तर ती पुढे धावून तुमच्यासमोर कोसळते. मग वर बघायचं. एक बाजू दुमडली आहे का? लाइनमध्ये गाठ आहे का? ती डावीकडे पडत असेल तर तिच्या खाली, डावीकडेच सरकायचं. मनात येतं ते नेमकं उलट, तिला उजवीकडे ओढावं असं वाटतं. आणि सगळं नीट असेल तरच धावायचं, नसेल तर तिथेच खाली आणायचं. फरफटायला लागलात तर मागे रेलून ताकद लावायची नाही. उलट विंगच्या दिशेने पळत जायचं आणि मागचे रायझर खेचून तिच्यातला जोर काढायचा. हे शेवटचं तुम्हाला कुणी पहिल्याच तासाला शिकवलं होतं का? नसेल, तर फोनवरचा चौथा प्रश्न हा.

हे सगळं टेकऑफवर दोन-तीन सेकंदांत घडतं. तिथे विचार करायला वेळ नसतो, हाताला सवय असावी लागते. उड्डाण स्वतः, शांत हवेत, त्यामानाने सोपं असतं. नवशिक्याची विंग सरळ सोडली तर ती आपण होऊन सरळच जाते. मान, पाठ, घोटे मोडतात ते निघताना आणि उतरताना. म्हणून ज्यांनी आयुष्यभर हा खेळ केलाय ते लोकही वारा उडण्याजोगा नसला की मैदानात विंग घेऊन तासन् तास उभे असतात. तुम्हाला तो वाया गेलेला दिवस वाटतो, त्यांना तो सराव वाटतो.

एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संस्थेने पॅराग्लायडिंगचं शिक्षण पाच टप्प्यांत मांडलं आहे. पहिला टप्पा जमिनीलगतचा, पडलं तरी फारसं लागणार नाही एवढ्याच उंचीचा. उंचीवरून शांत हवेत सरकत खाली येणं हा दुसरा. लांब पल्ल्याचं उड्डाण पाचवा. यात दिवस कुठेच नाहीत, करून दाखवायच्या गोष्टी आहेत. आपल्याकडे कोर्स तीन दिवसांचा म्हणून विकला जातो, सुट्टी टाकायला ते सोयीचं पडतं, आणि मग चौथ्या दिवशी माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

तुमच्या त्या ओळखीच्या पायलटकडे वळू. तो उत्तम उडवत असेल. रोज माणसं घेऊन उडणाऱ्याचे हात फार तयार असतात, त्यात वाद नाही. पण बीरच्या त्या टँडममध्ये तुम्ही काय शिकलात? एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून घाट पाहण्याइतकं. त्यालाही तेवढंच शिकवायची सवय आहे: "पळा, पळा, बसा." प्रवाशाला घेऊन उडणं हे एक कौशल्य, आणि पन्नास मीटर लांबून, नुसत्या आवाजावर, घाबरलेल्या माणसाकडून योग्य हाताचा ब्रेक योग्य वेळी ओढवून घेणं हे दुसरं. पहिल्यातून दुसरं आपोआप येत नाही. म्हणून टँडमची पात्रता वेगळी असते आणि प्रशिक्षकाची वेगळी. त्याच्याकडे दुसरी आहे का, हे विचारा आणि कागद बघा.

तो एकटा, तुम्हाला एकटीला शिकवणार, हे तुम्हाला त्याचं बलस्थान वाटतंय. मला नेमकं तेच खटकतंय. नवा विद्यार्थी टेकडीवरून सुटतो तेव्हा दोन माणसं लागतात: एक टेकऑफवर, पट्टे तपासायला आणि 'थांब' म्हणायला, दुसरा खाली लँडिंगला, वॉकी-टॉकीवर, कारण जमीन किती जवळ आली हे वरच्याला दिसत नाही. एकटा माणूस वर उभा राहिला तर उतरताना तुम्ही पोरक्या, खाली उभा राहिला तर निघताना. छोट्या उतारावर एकाने भागतं, टेकडीवर नाही.

आणि दोन दिवसांत सोलो! वारा काय त्याच्या खिशात आहे? नवशिक्याची विंग ताशी पस्तीस-छत्तीस किलोमीटरने जाते. समोरून तेवढ्याच वेगाचा वारा आला तर तुम्ही हवेत जागच्या जागी लटकता, त्याहून वाढला तर मागे, टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे. तिथे वारा टेकडीवरून खाली घसरताना गरगरतो, त्याला रोटर म्हणतात, आणि त्यात अनुभवी माणसाचीही विंग मिटते. म्हणून नवशिक्याला सकाळचे आणि संध्याकाळचे काही तास, तेही रोज मिळतील असं नाही. उन्हाळ्याकडे झुकताना दुपारची गरम हवा आणि समुद्राकडून घाटावर चढणारा वारा दोन्ही जोर धरतात. ज्याने दिवस आधीच ठरवून दिलेत, त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा पंचविसाचा असताना तुम्हाला उडवावंसं वाटेल, कारण शब्द दिलाय. तुम्हालाही उडावंसं वाटेल, कारण पैसे दिलेत.

म्हणून सगळ्याच नवशिक्यांना माझं सांगणं: प्रशिक्षक किती सुंदर उडतो हे बघू नका, तो कधी थांबवतो ते बघा. त्यासाठी पैसे भरायची गरज नाही. चिंचवडहून लोणावळा लोकल पकडा, कामशेतला उतरा, आणि ज्यांच्याकडे शिकायचा विचार आहे त्यांना आधी सांगून एक सकाळ लँडिंगच्या मैदानात आणि एक संध्याकाळ टेकऑफवर नुसत्या बसा. येऊ देत नाहीत? पुढची शाळा बघा. बसलात की विद्यार्थी मोजा, शिकवणारे मोजा. एकाच्या मागे आठ-दहा जण असतील तर तुमची पाळी येईपर्यंत हवा गेलेली असेल. विद्यार्थी सुटण्याआधी कोणी त्याच्या पायाचे पट्टे हाताने ओढून बघतं का, हे बघा. पायाचे पट्टे न लावता उडणं ही या खेळातली जुनी आणि जीवघेणी चूक आहे. विसरणारे फक्त नवखे नसतात, गप्पांत मध्येच उठलेले सराईतही असतात. चांगल्या शाळेत ही तपासणी दर वेळी होते, पाचव्यांदा उडणाऱ्याचीही होते, प्रशिक्षकाची स्वतःचीही होते.

वॉकी-टॉकीवरची भाषा ऐका. "डावा... डावा... बस. हात वर." एवढी थोडकी हवी. कुणी ओरडत असेल, किंवा एका दमात तीन सूचना देत असेल, तर वर लटकलेल्या माणसाला त्यातली एकही कळत नाही. चहाच्या वेळी काय बोलतात तेही ऐका. कालचं कुणाचं लँडिंग बिघडलं, का बिघडलं, यावर उघड चर्चा होत असेल तर ती शाळा चांगली. "आमच्याकडे आजवर एकही अपघात नाही" असं कुणी छातीठोक सांगितलं तर मी दोन पावलं मागे सरकते. इतकी वर्षं शिकवणाऱ्याकडे एखादा मुरगळलेला घोटासुद्धा नाही? एक तर तो नवा आहे किंवा लपवतोय.

आणि वारा बिघडण्याची वाट बघा. बाकी सगळं शोभेचं, खरी परीक्षा तेव्हा. विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) ताणला जातो, गवत आडवं होतं, लांबून आलेले आणि सुट्टी टाकलेले विद्यार्थी हार्नेस घालून उभे असतात. अशा वेळी जो शांतपणे म्हणतो, "पॅक करा, मैदानात जाऊ," आणि तिथे गेल्यावर फोनमध्ये डोकं न घालता शिकवतो, त्याच्याकडे पैसे भरा.

कागदोपत्री काय बघायचं ते थोडक्यात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याप्रमाणे असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का विचारा. शिकवणाऱ्याची प्रशिक्षक म्हणून पात्रता कुठल्या संस्थेची, आजही चालू आहे का, तेही विचारा. प्रथमोपचाराचं सामान आणि पाठ सरळ ठेवून उचलायचं स्ट्रेचर कुठे आहे, जवळचं मोठं हॉस्पिटल कुठलं, गाडी कोणाची, हे विचारल्यावर उत्तर चटकन यायला हवं. विचार करून दिलेलं उत्तर इथे चालत नाही.

जुन्या विंगबद्दल: घेऊ नका. तुम्हाला कुठली विंग लागेल हे अजून तुम्हालाच काय, शिक्षकालाही माहीत नाही. विंगांच्या ए, बी, सी, डी अशा श्रेणी असतात. ए म्हणजे सगळ्यात समजूतदार, चूक झाली तरी स्वतःहून सावरणारी. शिकणाऱ्याने ए-च वापरायची. तुमच्या परिचिताची विंग कुठली हे पत्रात नाही, पण वर्षानुवर्षं उडणारा माणूस स्वतःसाठी ए सहसा ठेवत नाही, आणि तुमच्या वजनाची तर नक्कीच नसणार. शिवाय उन्हाने नायलॉन थकतं, कापडातून हवा जायला लागते आणि लाइन्स आखडतात किंवा ताणतात. ते डोळ्यांना दिसत नाही, यंत्राने मोजावं लागतं. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी किंवा शंभर तासांनी अशी तपासणी सांगतात. तो अहवाल नसेल तर ती विंग फुकट मिळाली तरी महागच पडेल. आणि शिकवणाराच विक्रेता असेल तर "ही तुम्हाला अगदी बरोबर आहे" याला काय अर्थ उरतो? निदान पी-२ होईपर्यंत शाळेचंच सामान वापरा. स्वतःचं घ्यायचं झालं तर आधी हेल्मेट आणि घोट्याच्या वर जाणारे बूट.

वयाचं काय? हा खेळच फार जुना नाही. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मियुसी गावी काही पॅराशूटवाले विमानाचा खर्च वाचवायला डोंगराच्या उतारावरून धावत सुटले, तिथून तो सुरू झाला. तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. चाळिशीत शिकायला लागलेले पुष्कळ आहेत आणि शिक्षकांना ते आवडतात, कारण ते सांगितलेलं ऐकतात. एक मात्र खरं, बावीस वर्षांच्या मुलाचं लँडिंग फसलं तर तो उठून हसतो. तुमचा गुडघा हसणार नाही. या खेळात सगळ्यात जास्त दुखापती घोटा, पाय आणि कण्याच्या असतात. तेव्हा पुढच्या खेपेआधी महिनाभर जिने चढा, उठाबशा काढा, आणि टेकडीच्या उतारावरून पाठीला ओझं लावून पळायचा सराव करा. पाठीचं जुनं दुखणं किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते प्रशिक्षकापासून लपवू नका. उतरताना पाय जुळवून, गुडघे वाकवून, कुशीवर लोळण घेत पडायचं तंत्र असतं, ते शाळेने मैदानात शिकवलंच पाहिजे. पाय ताठ ठेवून बसकण मारली की मणका जातो.

मग आता काय करायचं? त्या पायलटकडे नाही, हे मी ठाम सांगते. शिकायला नाही, म्हणजे. टँडमसाठी खुशाल जा, आणि तो खरंच चांगला असेल तर त्याला टेकऑफआधी आणि लँडिंगच्या वेळी तो काय बघतो ते मोठ्याने बोलायला सांगा. तासाभरात बरंच कळेल. जुन्या प्रशिक्षकाकडे जायचं की दुसरी शाळा शोधायची, हे त्या फोनवर ठरेल. त्याने लहान विंगची सोय केली, कारण सांगितलं, आणि राहिलेले टप्पे पूर्ण करून घेण्याचे वेगळे पैसे किती हे स्पष्ट केलं, तर परत जाण्यातच शहाणपण आहे. तो तुम्हाला ओळखतो, नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. उत्तर उडवाउडवीचं आलं तर तीन दिवस गेले समजा आणि दुसरीकडे एक सकाळ बसून या.

सलग सहा-सात दिवस काढून पी-१ आणि पी-२ एकदम करणं हाही मार्ग आहे. हाताला लागलेली सवय मोडत नाही आणि एखाद-दुसरा दिवस वाऱ्याने खाल्ला तरी बिघडत नाही. पण मार्चअखेरीला तुमच्या विभागात रजा मिळायची नाही. शनिवार-रविवार करत गेलात तर मध्ये चार आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. कामशेतचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पाऊस सुरू झाला की सगळं बंद. या उन्हाळ्यात जमलं नाही तर ऑक्टोबरला नव्याने सुरू करा, घाईघाईने मे महिन्यात उरकू नका. शिकायला बीरला जायचं मनात असेल तर तेही आत्ता नको. ती जागा सुंदर आहे, २०१५ मध्ये तिथे विश्वचषक झाला तो उगीच नाही, पण तिथला डोंगर हजारेक मीटर उंच सोडतो आणि दुपारच्या थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या लाटा, नवशिक्याला झेपणाऱ्या नसतात.

सोलो न उडताही थांबता येतं, हेही सांगून ठेवते. काही जण मैदानात विंग खेळवण्यातच रमतात आणि वर कधीच जात नाहीत. काही जण छोट्या उतारावर समाधानी असतात. तुम्हाला तिथे थांबावंसं वाटलं तर त्यात हार नाही, आणि थांबू देणार नाही असा शिक्षक नकोच.

यजमानांबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर टँडम उड्डाणात पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट, दोघांचा जीव गेला, आणि आयोजकावर गुन्हा नोंदवला गेला. आपल्या भागातल्या प्रत्येक घरात ती बातमी वाचली गेली असणार. त्यांची भीती हवेतली नाही, तिला "काही होत नाही हो" हे उत्तर देऊ नका. होतं. त्यांना तुमच्याबरोबर त्या बघायच्या सकाळी मैदानात न्या. प्रश्न त्यांनाही विचारू द्या. जो प्रशिक्षक नवऱ्याच्या खवचट प्रश्नांना न वैतागता उत्तर देतो, त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट कळते. ते तरीही नको म्हणाले तर काय, हे तुमच्या दोघांमधलं आहे, त्यात मी पडत नाही. पण घरातून चोरून मात्र जाऊ नका. मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाने टेकऑफवर उभं राहू नये.

जाण्याआधी विम्याचे कागद काढून दोघांनी मिळून वाचा. आरोग्य विम्यात साहसी खेळांसाठीचं कलम असतं. बऱ्याचदा ते व्यावसायिक खेळाडूंपुरतं असतं, पण तुमच्या पॉलिसीत नेमके शब्द काय आहेत ते बघा. वैयक्तिक अपघात विम्याचे नियम वेगळे, तिथे हौसेलाही नकार असू शकतो. कंपनीकडे लेखी विचारा, एजंटच्या तोंडी 'हो'वर जाऊ नका.

आणि हो, मैदानात जाताना लांब बाह्यांचा शर्ट आणि जाड पूर्ण पँट घाला. जानेवारीनंतर मावळातल्या गवताची कुसळं मोज्यांतून थेट आत शिरतात आणि नेमकं धावायच्या वेळी टोचतात.